गुंतवणूकदारांची बाजू मांडणारा वकील : या वाटेवर नव्याने येणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

रोखे बाजारातील वकिली म्हटली, की विधी महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर भागविक्रीची माहितीपत्रके तयार करणाऱ्या मोठ्या लॉ फर्म येतात. त्या कामात वकील कंपनीच्या किंवा भागविक्रीचे व्यवस्थापन पाहणाऱ्या मर्चंट बँकरच्या बाजूने असतो. या लेखात मी त्याच्या समोरच्या वकिलाविषयी, म्हणजे ज्याचे पैसे अडकले किंवा बुडाले त्या गुंतवणूकदाराचे वकीलपत्र घेणाऱ्या वकिलाविषयी, लिहीत आहे. मुंबईत या शाखेत काम करताना माझी एक गोष्ट पक्की झाली आहे. गुंतवणूकदाराचे प्रकरण युक्तिवाद तोकडा पडल्यामुळे क्वचितच जाते. ते जाते चुकीच्या मंचापुढे नेल्यामुळे, मुदत टळल्यामुळे आणि हातातला कागद कोणी नीट न वाचल्यामुळे. त्यामुळे पुढील सर्व पायऱ्या मी याच तीन गोष्टींभोवती मांडल्या आहेत.

पहिली पायरी : कामाचे खरे स्वरूप समजून घ्या

या क्षेत्राबद्दल इंटरनेटवर जे वाचायला मिळते, त्यातील बरेचसे अमेरिकेचे असते. तिथे १९३३ आणि १९३४ च्या रोखे कायद्यांच्या आधारे हजारो भागधारकांच्या वतीने एकच सामूहिक दावा लावता येतो आणि वसूल झालेल्या रकमेतून वकिलाला न्यायालयाच्या मंजुरीने शुल्क मिळते. आपल्याकडे यांपैकी दुसरी गोष्ट निषिद्ध आहे आणि पहिली अजून बाल्यावस्थेत आहे.

हा फरक किती खोल आहे, हे सत्यमच्या प्रकरणात दिसले. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेब फुगवल्याची पत्राद्वारे कबुली दिली. न्यूयॉर्कच्या बाजारात सत्यमचे रोखे घेतलेल्यांनी तिथे सामूहिक दावा केला आणि २०११ मध्ये कंपनीने १२ कोटी ५० लाख डॉलर, तर तिच्या लेखापरीक्षक संस्थेने २ कोटी ५५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्याच कंपनीचा शेअर मुंबईच्या बाजारात घेतलेल्या भारतीय भागधारकांच्या वतीने एक गुंतवणूकदार संघटना राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली, पण त्यांच्या पदरात काही पडले नाही. फसवणूक एकच, कंपनी एकच, आणि तरीही पैसे कुणाला मिळाले हे शेअर कोणत्या देशात घेतला यावर ठरले. या अन्यायाची बोच ज्याला जाणवते, त्यानेच या शाखेत यावे असे मला मनापासून वाटते, कारण इथली सुरुवातीची वर्षे दुसऱ्या कोणत्याही कारणाने निभत नाहीत.

दुसरी पायरी : पदवी, सनद आणि हिशेबाची अक्षरओळख

हा भाग सरळ आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम करावा. महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही परीक्षा असते. त्यानंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करून सनद घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे, की नोंदणीशुल्क अधिवक्ता कायद्यातील ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. सनद मिळाल्यावर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते.

कोणते महाविद्यालय यापेक्षा तुम्हाला ताळेबंद वाचता येतो का, याने या शाखेत जास्त फरक पडतो. वाणिज्य शाखेतून आलेल्यांना थोडी आघाडी असते, परंतु कला शाखेतून आलेल्यानेही घाबरण्याचे कारण नाही. एखाद्या सूचीबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल घ्यावा आणि तो शेवटाकडून वाचावा : आधी हिशेबावरील टिपा, मग संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार, मग लेखापरीक्षकांचा अभिप्राय आणि सर्वांत शेवटी अध्यक्षांचे मनोगत. असे दहा अहवाल वाचून झाले, की कोणत्या ओळीत कंपनी काय झाकू पाहते आहे याचा वास येऊ लागतो. राष्ट्रीय रोखे बाजार संस्था, जिला सगळे एनआयएसएम म्हणतात आणि जिचा परिसर रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे, तिच्या प्रमाणपत्र परीक्षाही उपयोगी पडतात. त्यातही ब्रोकरच्या कार्यालयातील अंतर्गत कामकाज आणि अनुपालन या विषयांच्या परीक्षा नव्या वकिलाने जरूर द्याव्यात, कारण पुढे ज्यांची उलटतपासणी घ्यायची ते लोक दिवसभर काय करतात ते त्यातून कळते.

सनदी लेखापाल आणि कंपनी सचिव यांनाही इथे एक दार उघडे आहे. बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या आदेशांवरील अपिले ऐकणाऱ्या रोखे अपील न्यायाधिकरणापुढे, म्हणजे सॅटपुढे, वकिलांखेरीज सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि परिव्यय लेखापाल यांनाही पक्षकाराची बाजू मांडता येते.

तिसरी पायरी : कायदे कोणत्या क्रमाने वाचावेत

पाया तीन कायद्यांचा आहे : १९५६ चा रोखे करार (नियमन) कायदा, १९९२ चा सेबी कायदा आणि शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणाऱ्या संस्थांविषयीचा १९९६ चा डिपॉझिटरी कायदा. यांना एकत्र करून एकच संहिता आणण्याचा प्रस्ताव २०२१-२२ च्या अर्थसंकल्पापासून चालत आलेला आहे. म्हणून कलमांचे आकडे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक कलम कुणाला कोणता अधिकार देते हे समजून घ्यावे आणि काम हाती आले की त्या दिवशी लागू असलेला मजकूर पुन्हा तपासावा. त्यानंतर सेबीचे विनियम घ्यावेत. फसव्या व अनुचित व्यवहारांना मनाई करणारे २००३ चे विनियम, ताबा मिळवण्याबाबतचे २०११ चे, आणि अंतर्गत माहितीच्या आधारे होणारे व्यवहार व सूचीबद्ध कंपन्यांची प्रकटीकरणे यांविषयीचे २०१५ चे विनियम, एवढे आधी. बाकीचे प्रकरणानुसार वाचता येतात.

यापेक्षाही एक सवय अधिक फळ देते. सेबीच्या आणि सॅटच्या संकेतस्थळांवर आदेश नियमितपणे प्रसिद्ध होतात. सहा महिने रोज एक आदेश वाचावा आणि वहीत त्याचा फक्त तारखांचा तक्ता काढावा : व्यवहार कधी झाला, तक्रार कधी गेली, तपास कधी सुरू झाला, नोटीस कधी निघाली, आदेश कधी झाला. माझ्या सीनियरनी मला पहिले वर्षभर हेच करायला लावले. तेव्हा ते कंटाळवाणे वाटे, परंतु आज अशिलाने टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला, की माझा हात आधी तारखा उतरवायला जातो आणि निम्म्या वेळा प्रकरणाचे उत्तर त्या तक्त्यातच सापडते.

चौथी पायरी : पहिली तीन-चार वर्षे कुठे काढावीत

सॅट नरिमन पॉइंटला, सेबीचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आणि दोन्ही मोठे शेअर बाजार मुंबईत, त्यामुळे शिकण्यासाठी मुंबईसारखी जागा नाही. पर्याय साधारण तीन आहेत. पहिला, सॅटमध्ये नियमित उभे राहणाऱ्या एखाद्या वकिलाच्या चेंबरमध्ये ज्युनियर म्हणून लागणे. मानधन तुटपुंजे असते, पण काम हाताला लागते. दुसरा, मोठ्या फर्मच्या रोखे-विवाद विभागात नोकरी. तिथे अशील बहुधा ब्रोकर, प्रवर्तक किंवा कंपनी असते, तरीही समोरच्याची बचावाची पद्धत आतून पाहायला मिळते. तिसरा, सेबीमध्ये विधी शाखेतून सहायक व्यवस्थापक होणे. त्यासाठी सेबी 'अ' श्रेणीची स्पर्धा परीक्षा घेते. नियामकाच्या कचेरीत फाइल कशी फिरते हे ज्याने पाहिले आहे, त्याला तक्रार कशी लिहावी हे वेगळे शिकवावे लागत नाही.

दुसऱ्या पर्यायाविषयी एक सूचना करावीशी वाटते. ज्या ब्रोकरसाठी किंवा कंपनीसाठी तुम्ही काम केले, तिच्याविरुद्ध पुढे गुंतवणूकदाराचे वकीलपत्र घेता येईलच असे नाही. पहिल्या दिवसापासून आपण हाताळलेल्या पक्षकारांची यादी ठेवावी आणि नवे काम स्वीकारण्यापूर्वी ती उघडून पाहावी.

पाचवी पायरी : पैसे परत देण्याचा अधिकार कुणाला आहे, हा प्रश्न आधी विचारा

माझ्या मते या व्यवसायाचा गाभा इथे आहे. अशील समोर बसतो आणि म्हणतो, "वकीलसाहेब, सेबीकडे तक्रार करा." त्याला वाटत असते, की सेबी त्याचे पैसे काढून देईल. सेबी बाजाराचे नियमन करते, दंड लावते, बाजारात व्यवहार करण्यास बंदी घालते, बेकायदा कमावलेला नफा सोडायला लावते. एका विशिष्ट गुंतवणूकदाराचे नुकसान मोजून ते त्याला भरून देणे हे तिचे नेहमीचे काम नाही. वसूल झालेला नफा साधारणपणे सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण व शिक्षण निधीत जातो. म्हणून अशिलाला काय हवे आहे, शिक्षा की पैसे, हे पहिल्याच भेटीत विचारावे आणि त्यानुसार दार निवडावे.

ब्रोकर, म्युच्युअल फंड, डिपॉझिटरी पार्टिसिपंट किंवा नोंदणीकृत सल्लागार यांच्याशी वाद असेल, तर आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी. तिथे समाधान झाले नाही, तर सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार प्रणालीवर जावे. ही प्रणाली २०११ मध्ये सुरू झाली आणि तिची सुधारित आवृत्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तिच्यात संस्थेला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर न पटल्यास १५ दिवसांत फेरविचार मागता येतो, आणि ही १५ दिवसांची मुदत अशील हमखास विसरतो. पैशांचा वाद सोडवायचा असेल, तर खरा रस्ता २०२३ मध्ये सुरू झालेल्या ऑनलाइन तंटा निवारण व्यवस्थेचा आहे, जिला स्मार्ट ओडीआर म्हणतात. आधी सलोखा आणि तो फसला तर लवाद, असा तिचा क्रम आहे. लवादाचा निवाडा मान्य नसेल, तर १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्याच्या कलम ३४ खाली तीन महिन्यांच्या आत न्यायालयात जावे लागते. त्यानंतर फार तर तीस दिवसांची सवलत मिळू शकते, त्यापलीकडे एक दिवसही नाही.

ठेवी गोळा करून पसार होणाऱ्या योजना हा वेगळा प्रकार आहे आणि त्यासाठी महाराष्ट्राकडे स्वतःचे हत्यार आहे. १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला कोर्टात सगळे एमपीआयडी म्हणतात, त्याखाली सरकारला संस्थेच्या आणि तिच्या चालकांच्या मालमत्तेवर टाच आणता येते आणि विशेष न्यायालयामार्फत ती विकून ठेवीदारांना वाटप होऊ शकते. ३१ जुलै २०१३ रोजी नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे व्यवहार थांबले आणि सुमारे १३,००० जणांचे मिळून सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. तेव्हा शेअर बाजारासारखी दिसणारी ही संस्था 'ठेवी' घेणारी म्हणता येईल का, हा प्रश्न वर्षानुवर्षे लढवला गेला. २२ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला एमपीआयडीच्या कक्षेत आणले. एका व्याख्येतील एका शब्दावर इतक्या माणसांचे पैसे टांगलेले असू शकतात, हे नव्या वकिलाने हा निकाल मुळातून वाचून अनुभवावे.

जमिनीच्या नावाखाली लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएल या कंपनीच्या बाबतीत दार आणखी निराळे होते. सेबीने २२ ऑगस्ट २०१४ रोजी ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानंतर न्यायमूर्ती आर. एम. लोढा यांच्या समितीकडे मालमत्ता विकून वाटप करण्याचे काम आले. अशा प्रकरणात वकिलाचे काम युक्तिवादाचे उरत नाही. मूळ प्रमाणपत्र, पावत्या, पॅन आणि बँक खाते यांतील नाव जुळवून दावा वेळेत आणि बिनचूक भरणे, एवढेच ते असते. त्याला कमी लेखू नये.

कंपनीचे चालकच भागधारकांच्या हिताविरुद्ध वागत असतील, तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम २४५ खाली सामूहिक अर्जाची सोय १ जून २०१६ पासून लागू झाली. भागभांडवल असलेल्या कंपनीत एकूण सभासदांपैकी ५ टक्के किंवा १०० सभासद यांपैकी जी संख्या कमी असेल ती, किंवा सूचीबद्ध कंपनीच्या भांडवलापैकी किमान २ टक्के धारण करणारे भागधारक, हा अर्ज करू शकतात. सत्यमच्या वेळी ही सोय असती तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

उच्च न्यायालयातील रिट अर्जाचा मार्ग अपवादात्मक, पण कधी कधी निर्णायक असतो. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पल्टन म्युच्युअल फंडाने आपल्या सहा कर्जरोखे योजना गुंडाळण्याचे जाहीर केले, तेव्हा युनिटधारक वेगवेगळ्या न्यायालयांत गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये युनिटधारकांची संमती आवश्यक असल्याचे ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये त्या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले.

ग्राहक आयोगाविषयी सावध राहावे. नफ्यासाठी सतत उलाढाल करणारा माणूस 'ग्राहक' ठरतो का, यावर प्रतिपक्ष पहिल्याच तारखेला आक्षेप घेतो आणि दोन-तीन वर्षे त्यातच निघून जातात. आणि बनावट ट्रेडिंग ॲपवर पैसे गमावलेला अशील आला, तर यांपैकी कोणत्याही दाराकडे न वळता त्याला त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला लावावा. तिथे तास मोजले जातात, दिवस नव्हे.

सहावी पायरी : कागद हातात घेऊन वाचा

ब्रोकरविरुद्धच्या प्रकरणात मागवायच्या कागदांची यादी ठरलेली आहे : खाते उघडण्याचा अर्ज आणि केवायसी, करारनामा, प्रत्येक व्यवहाराच्या कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने ग्राहकाला पाठवायचा व्यवहाराचा तपशील), खतावणीचा उतारा, डिपॉझिटरीकडून थेट आलेले एकत्रित खातेपत्रक, मार्जिनची, म्हणजे व्यवहारासाठी आगाऊ ठेवलेल्या रकमेची, पत्रके, शेअर बाजाराने पाठवलेले एसएमएस आणि फोनवरील संभाषणांचे ध्वनिमुद्रण. यांत डिपॉझिटरीचे पत्रक सर्वांत महत्त्वाचे, कारण ते ब्रोकरच्या हातचे नसते. कार्व्ही स्टॉक ब्रोकिंगच्या प्रकरणात ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राचा वापर करून त्यांचे शेअर हलवले आणि गहाण ठेवले गेल्याचे सेबीच्या २२ नोव्हेंबर २०१९ च्या अंतरिम आदेशात नोंदले आहे. ब्रोकरचे पत्रक आणि डिपॉझिटरीचे पत्रक शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहणे, हा या व्यवसायातील पहिला धडा आहे.

संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांची तक्रार सर्वाधिक येते. इथे कायदा गुंतवणूकदाराच्या बाजूने आहे. सेबीच्या २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरने जपून ठेवायचा असतो, आणि वाद झाला तर तो सादर करण्याची जबाबदारी ब्रोकरची असते. तरीही एवढ्यावर विसंबून राहू नये.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांच्या खात्यात सात महिने ऑप्शनचे व्यवहार होत राहिले आणि निवृत्तीच्या रकमेतील मोठा भाग गेला. "मला एकही कॉन्ट्रॅक्ट नोट आली नाही," असे ते शपथेवर सांगत होते, तर ब्रोकरकडे प्रत्येक नोट ई-मेलने पाठवल्याची नोंद होती. दोघेही खरे बोलत होते. केवायसीचा अर्ज भिंगाखाली धरला, तेव्हा ई-मेलच्या पत्त्यात त्यांच्या आडनावापुढे एक जादा आकडा दिसला. तो पत्ता त्यांचा नव्हताच. अर्ज भरून घेणाऱ्या प्रतिनिधीने तो स्वतःच उघडला होता. त्या एका आकड्यावर प्रकरण फिरले. मात्र त्यांचा मोबाइल क्रमांक बरोबर होता आणि त्यावर शेअर बाजाराचे एसएमएस सात महिने रोज येत होते. ते त्यांनी वाचले नव्हते. प्रतिपक्षाने हा मुद्दा काढण्याआधी आम्ही तो स्वतःच आपल्या निवेदनात मांडला, त्यांचे वय आणि सवयी सांगितल्या, आणि पहिल्या दोन महिन्यांनंतरच्या व्यवहारांबद्दल थोडी पड घेतली. सलोख्यात मोठी रक्कम परत आली, पूर्ण आली नाही. आपल्या अशिलाची दुबळी बाजू आपणच आधी सांगावी, हे मी त्या प्रकरणात शिकले.

नव्या वकिलाला स्वतंत्रपणे सुरुवात करण्यासाठी आणखी एक काम योग्य आहे : जुने कागदी शेअर आणि केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) गेलेले शेअर परत मिळवून देणे. सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नाही, की तो लाभांश आणि सोबत ते शेअरही या निधीकडे वर्ग होतात. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत आजोबांनी घेतलेली प्रमाणपत्रे ट्रंकेत पडून आहेत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतरण थांबले आहे, पण वारसाहक्काने नाव लावून घेण्याचा मार्ग खुला आहे. सांगलीकडच्या एका आजींनी मला बिस्किटाच्या डब्यात ठेवलेली प्रमाणपत्रे आणून दिली होती. त्यांवर पतीचे नाव 'दत्तात्रय', मृत्यूच्या दाखल्यावर 'दत्तात्रेय' आणि पॅनवर नुसते 'डी. के.'. कंपनीचे दोनदा विलीनीकरण झाले होते. एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र, वारसांची नाहरकत, हमीपत्र, सही जुळत नसल्याने बँकेची साक्षांकित प्रत आणि आयईपीएफ-५ हा अर्ज, एवढे करण्यात चौदा महिने गेले. या कामात मोठे कायदेशीर प्रश्न उभे राहत नाहीत. तरीही नाव, तारीख आणि सही यांच्याकडे पाहण्याची जी नजर त्यातून तयार होते, ती सॅटमध्येही कामी येते.

सातवी पायरी : सॅटमध्ये उभे राहणे

सेबीच्या आदेशाविरुद्ध सेबी कायद्याच्या कलम १५टी खाली आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत अपील करावे लागते. पुरेसे कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण 'पुरेसे कारण' सिद्ध करण्याची पाळी येऊच नये असे वागावे. सॅटच्या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयात अपील फक्त कायद्याच्या प्रश्नावर होते आणि त्याची मुदत ६० दिवसांची आहे. म्हणजे वस्तुस्थितीबाबत जे सांगायचे ते सॅटपर्यंतच सांगून व्हायला हवे.

गुंतवणूकदाराच्या वकिलापुढे इथे एक अडचण नेहमी उभी राहते. सेबीने तक्रार नुसती बंद केली, तर तो 'आदेश' होतो का आणि तक्रारदार 'बाधित व्यक्ती' ठरतो का, हा वाद प्रतिपक्ष काढतोच. म्हणून मूळ तक्रारच अशी लिहावी, की तिला कारणांसहित उत्तर देणे सेबीला भाग पडावे : कोणत्या विनियमाचा भंग, कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावरून दिसतो आणि कोणती कारवाई मागितली आहे, हे सारे क्रमांक घालून. अपिलाच्या मसुद्यात पहिली तीन पाने तारखांच्या तक्त्याला द्यावीत. पुराव्याची मोजणी शक्यतांच्या तौलनिक भाराने होते, फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीतपणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने किशोर अजमेरा प्रकरणात २०१६ मध्ये सांगितले आहे. हा निकाल जवळ ठेवावा.

पहिल्या वर्षी कोणी काम दिले नाही, तरी आठवड्यातून एक दिवस सॅटमध्ये मागच्या बाकावर बसून ऐकावे. स्थगितीसाठी किती कमी शब्दांत बोलायचे असते, ते पुस्तकातून कळत नाही.

आठवी पायरी : शुल्क आणि आचार

बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरवता येत नाही आणि वसुलीत वाटाही घेता येत नाही. निधीतील शेअर सोडवून देणारे मध्यस्थ सर्रास टक्केवारी घेतात. तुम्हाला ती घेता येणार नाही, अशिलाने आपणहून देऊ केली तरी नाही. जाहिरातही करता येत नाही. मग चूल कशी पेटते? टप्प्याटप्प्याने ठरलेली रक्कम घेऊन, आणि ती पहिल्याच दिवशी पत्रात लिहून देऊन. शंभर गुंतवणूकदार एकत्र आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च परवडतो, पण प्रत्येकाचे वेगळे वकीलपत्र आणि तडजोडीबाबत निर्णय कोण घेणार याचा लेखी ठराव असल्याशिवाय समूहाचे काम हाती घेऊ नये. तडजोडीचा प्रस्ताव येतो त्या संध्याकाळी असे समूह फुटतात. सेबीची मान्यता असलेल्या गुंतवणूकदार संघटनांना काही कायदेशीर कारवायांसाठी सेबीच्या निधीतून साहाय्य मिळण्याची तरतूद आहे. तिसऱ्या व्यक्तीने दाव्याचा खर्च उचलण्याची पद्धतही महाराष्ट्राला अगदी परकी नाही, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मध्ये महाराष्ट्राने केलेल्या दुरुस्तीत असा खर्च पुरवणाऱ्याचा उल्लेख आहे. कालांतराने अल्पसंख्य भागधारक म्हणून लढणारे फंड आणि कुटुंबांची गुंतवणूक सांभाळणारी कार्यालये अशील म्हणून येतात. त्यांच्या कामावर चेंबरचा खर्च भागतो आणि आजींच्या डब्याला वेळ देता येतो.

प्रकरणातून कळलेल्या अप्रसिद्ध माहितीवर स्वतः किंवा घरच्यांनी शेअर घेऊ नयेत. ज्या कंपनीविरुद्ध फाइल उघडली, तिच्यात आपली गुंतवणूक आहे का हे त्याच दिवशी तपासून अशिलाला सांगावे. आणि "पैसे नक्की मिळतील" हे वाक्य कधीही उच्चारू नये. ते वाक्य अशिलाने याआधी एकदा ऐकलेले असते, आणि त्यामुळेच तो तुमच्याकडे आलेला असतो.

नववी पायरी : निकालानंतर

निवाडा हातात आला म्हणजे पैसे आले असे नाही. ब्रोकरने रक्कम भरली नाही, तर लवादाच्या निवाड्याची दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे अंमलबजावणी मागावी लागते. ब्रोकरला बाजाराने कसूरदार जाहीर केले, तर शेअर बाजाराच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे ठरलेल्या मुदतीत दावा करावा लागतो. सेबीने परताव्याचा आदेश दिला असेल, तर सेबी कायद्याच्या कलम २८ए खालील वसुली अधिकाऱ्याच्या विक्री नोटिसांवर लक्ष ठेवावे. या टप्प्यावर वकील बहुधा पुढच्या कामात गुंतलेला असतो आणि अशिलाला नोटीस वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक फाइलच्या मुखपृष्ठावर पुढची तारीख लाल शाईने लिहून ठेवण्याची पद्धत मी चेंबरमध्ये घातली आहे, आणि रक्कम प्रत्यक्ष खात्यात जमा झाल्याची बँकेची नोंद लागल्याशिवाय फाइल कपाटात जात नाही. मूळ प्रमाणपत्रे आणि पावत्या यादीवर सही घेऊन अशिलाला परत कराव्यात. पुढे वाटपाचा आणखी एखादा टप्पा जाहीर झाला, तर त्याला पुन्हा तेच कागद लागणार असतात.